कुत्रा चावला तर घराचा विमा पैसे देतो का?

अमेरिकेत घरी आलेल्या कुणाला आपला कुत्रा चावला तर होमओनर्स इन्शुरन्स खर्च देतो का, या प्रश्नावर कुणीतरी 'कुत्रा आधी कधी चावला नसेल तर आपली जबाबदारीच नाही' असं लिहिलंय. कृपया यावर विसंबू नका. कॅलिफोर्नियात पहिल्याच चाव्याला मालक जबाबदार धरला जातो.

बहुतेक पॉलिसी खर्च देतात. पॉलिसीतल्या 'मेडिकल पेमेंट्स' या भागातून टाके, इंजेक्शनं यांचं बिल चूक कुणाची हे न बघता भागतं, पण मर्यादा बहुधा १,००० ते ५,००० डॉलरच. कोर्टकचेरी झाली तर लायबिलिटी (दुसऱ्याला भरपाई द्यावी लागली तर ती भागवणारा भाग) कामाला येते, साधारण १ ते ३ लाख डॉलरपर्यंत. त्यावरचे पैसे आपल्या खिशातून. लहान मुलाच्या गालाला चावा बसला, प्लास्टिक सर्जरी लागली, तर ही रक्कमही तोकडी पडू शकते. घर, बचत असेल तर अंब्रेला पॉलिसी (या मर्यादेच्या वरची भरपाई देणारा जादा विमा) घ्याच.

घरात राहणाऱ्या कुटुंबीयांना हे संरक्षण नसतं. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा त्यात धरले जातील का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

आणि कुत्रा पिटबुल, रॉटवायलर अशा जातीचा असेल तर कंपनीपासून लपवू नका, दावा फेटाळला जाऊ शकतो. न्यूयॉर्कमध्ये २०२१ च्या कायद्यामुळे निव्वळ कुत्र्याच्या जातीवरून विमा नाकारता येत नाही. पेनसिल्व्हेनिया, मिशिगनमध्येही तशी बंदी आहे. इतर बऱ्याच राज्यांत मात्र कंपनीची मर्जी. भाड्याने राहत असाल तर रेंटर्स पॉलिसीतलं (भाडेकरूच्या विम्यातलं) लायबिलिटीचं पान आजच वाचा.