मदत हवी आहे: बोया एका जागी आणि माणूस वर येतो दुसऱ्या जागी, अशा वेळी बोटीपासून बचाव कसा करावा?

नमस्कार. आम्ही काही जण एकत्र स्नॉर्केलिंग आणि फ्रीडायव्हिंग करतो, म्हणजे हवेची टाकी न घेता केवळ दम रोखून बुड्या मारतो. ज्या पाण्यात आम्ही उतरतो तेथून मोटरबोटींचीही ये-जा असते. ध्वज लावलेला एक तरंगता बोया आम्ही सोबत ठेवतो. परंतु त्याच्यावर किती विसंबावे याविषयी आमच्यात एकमत होत नाही. बोट चालवणाऱ्या आणि डायव्हिंग शिकवणाऱ्या सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

काहींचे म्हणणे असे की ध्वज दिसल्यावर दूर राहणे हे बोटचालकाचे कर्तव्य आहे, तेव्हा ध्वज लावला की आपले काम झाले. मला हे पटत नाही. २० नॉट वेगाची बोट सेकंदाला सुमारे १० मीटर पुढे जाते. १५ मीटर खोलीवरून वर येणाऱ्याला, सेकंदाला साधारण एक मीटर या गतीने, १५ सेकंद लागतात. म्हणजे तो वर यायला निघाला तेव्हा १५० मीटर दूर असलेली बोट, तो पृष्ठभागावर पोहोचेपर्यंत नेमकी त्याच्या डोक्यावर आलेली असू शकते. शेवटच्या काही मीटरांत तर छातीतली हवा आणि वेटसूट (थंडीपासून बचावासाठी घालायचा फोमसारखा पोशाख) पुन्हा प्रसरण पावल्यामुळे शरीर आपोआप वर ढकलले जाते, आणि दम संपत आलेला माणूस तेथे थांबून वाट पाहू शकत नाही. इंजिनाचा आवाज खालीही येतो, किंबहुना बराच आधी येतो. पण पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जात असल्याने दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकाच क्षणी पोहोचतो आणि बोट कोणत्या दिशेने येत आहे ते कळत नाही.

आता माझी मूळ अडचण. बोटचालक बोया पाहून त्याला वळसा घालतात, हे मान्य. मात्र खडकांवरून मासे पाहत फिरणारा आमचा सोबती बोयापासून वीस-तीस मीटरांवर वर येतो आणि वळसा घालणारी बोट नेमकी तेथूनच जात असते. अशा वेळी बोया किती जवळ असावा, प्रत्येकाचा स्वतंत्र असावा का, आणि पृष्ठभागावर थांबलेल्या जोडीदाराने नेमके काय करावे? ध्वज कोणता लावावा, याबाबतही दोन मते ऐकली आहेत.

प्रतिसाद १

मी बोट चालवतो, म्हणून आमच्या बाजूने लिहितो. ध्वजाचे आधी सांगतो. पांढरा-निळा, टोकाशी खाच असलेला 'अल्फा' हा आंतरराष्ट्रीय संकेतध्वज आहे; माझा पाणबुड्या पाण्याखाली आहे, दूर राहा आणि वेग कमी ठेवा, असा त्याचा अर्थ. समुद्रावरील टकरी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत तो डायव्हिंगचे काम करणाऱ्या लहान बोटीसाठी सांगितलेला आहे, तोही कापडी नव्हे तर किमान एक मीटर उंचीचा, ताठ आणि चहूबाजूंनी दिसेल असा. लाल रंगावर तिरपा पांढरा पट्टा असलेला दुसरा ध्वज अमेरिकेतून पसरला आणि तो पाण्यातील माणसांची खूण म्हणून वापरतात. कोणता ध्वज ग्राह्य आणि किती अंतर राखायचे, हे त्या त्या ठिकाणचा कायदा ठरवतो. उदाहरणार्थ, फ्लोरिडात खुल्या पाण्यात ३०० फूट आणि नद्या व अरुंद जलमार्गांत १०० फूट दूर राहण्याचा प्रयत्न बोटचालकाने करायचा असतो, आणि तेथे स्नॉर्केलिंग करणाऱ्यांनाही ध्वज लावावा लागतो.

सतत लक्ष ठेवणे आणि सुरक्षित वेगाने चालणे ही १९७२ च्या नियमांतली आमची जबाबदारी आहे व ती ध्वज नसला तरी टळत नाही. पण नियम काय म्हणतो आणि सुकाणूवरून काय दिसते, यांत फरक आहे. वेग घेताना बोटीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर उचलली जाते आणि समोरचे पाणी काही काळ झाकले जाते. सूर्य समोर असेल तर चकाकीत काळ्या हुडमधले डोके दिसतच नाही, आणि टाकी वापरणाऱ्यांचे निदान बुडबुडे तरी दिसतात, तुमचे तेही नाहीत. २००० साली मेक्सिकोत कोझुमेलजवळ गायिका कर्स्टी मॅकॉल यांचा मृत्यू झाला, तो बोटींना मनाई असलेल्या डायव्हिंगच्या क्षेत्रात शिरलेल्या वेगवान बोटीमुळे. त्यामुळे ध्वज लावला की काम झाले, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

प्रतिसाद २

मी फ्रीडायव्हिंग शिकवते. उभ्या दोरीवर सराव करताना तुमचा प्रश्न उद्भवत नाही, कारण बुडी मारणारा दोरीने बोयापाशीच परत येतो. अडचण फिरत्या बुड्यांची आहे. तेथे दोघांच्या प्रत्येक जोडीला एक बोया द्यावा आणि तो नांगरून न ठेवता सोबत ओढत न्यावा. दोरी खोलीपेक्षा थोडी लांब, तरंगणारी आणि एका हाताने चटकन सोडवता येईल अशी असावी. कापडी ध्वज वारा पडला की लोंबतो, म्हणून त्यात आडवी काडी घाला.

जोडीदाराच्या कामाबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. बहुतेक जण बुडी मारणारा वर येण्याच्या क्षणी बोटी पाहतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो. एक मिनिटाच्या बुडीत २० नॉटची बोट सहाशे मीटरांहून अधिक अंतर कापते, त्यामुळे पाहणी बुडीपूर्वी करावी, तीही पूर्ण गोल फिरून, आणि त्या टप्प्यात एखादी बोट आपल्याकडे येत असेल तर बुडी मारूच नये. एक खाली असताना दुसऱ्याने वरच राहावे, बोया धरून, आणि सोबती दिसेनासा झाला तरी तो कोठे वर येईल याचा अंदाज बांधून बोया तिकडे सरकवावा. बोट आलीच तर शिट्टीवर विसंबू नका; इंजिनाच्या आवाजात ती ऐकू जात नाही. ध्वज उंच धरा, पायातले रंगीत फिन (पोहण्याचे पंखे) हलवा. सोबती वर आल्यावर किमान अर्धा मिनिट मात्र डोळे फक्त त्याच्यावर असावेत, कारण शुद्ध हरपण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते.

मूळ लेखक

दोघांचेही आभार. जोडीला एक बोया आणि बुडीपूर्वीची पाहणी हे लगेच अमलात आणतो. एक उपप्रश्न: आमची स्वतःची बोट आम्हाला घ्यायला येते, तेव्हा चालक इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवतो. ते पुरेसे आहे का?

प्रतिसाद १

नाही. न्यूट्रलमध्येही कधी कधी पंखा फिरत राहतो, आणि एका धक्क्याने गिअर पडू शकतो. माणूस शिडीजवळ येण्याआधी इंजिन पूर्ण बंद करायला सांगा आणि सर्व जण वर आल्याची मोजणी झाल्याशिवाय ते सुरू करू देऊ नका. आणि पाण्यात कोणी नसेल तेव्हा ध्वज उतरवा. दिवसभर फडकत राहिलेल्या ध्वजाकडे आम्ही बोटवाले हळूहळू दुर्लक्ष करू लागतो.