मदत हवी आहे: चिनी साइटवरचा लेख उघडत नाहीये, तातडीचं आहे

पावसाळी: चिनी बातम्या नेहमी वाचणारं कुणी आहे का इथे? एक लेख दोन महिन्यांपूर्वी नीट उघडत होता, आता उघडत नाही. परवा गाइडना चॅप्टर द्यायचाय आणि एक अख्खा मुद्दा त्याच लेखावर उभा आहे. व्हीपीएन लावून झालं. प्लीज लवकर सांगा.

जुनावाचक: कुठला लेख, कुठल्या साइटवर? आणि उघडत नाही म्हणजे काय होतं, पान कोरं येतं की चिनीत काही लिहून येतं?

सिंहगडकर: भारतात २०२० साली ५९ चिनी ॲप बंद केली ना, त्यात वीचॅट, वेबो सगळं होतं. त्यामुळेच असणार. टिकटॉकही तेव्हाच गेलं, आमची भाची किती रडली होती.

जुनावाचक: बंदी तेव्हाची, आणि यांचं पान दोन महिन्यांपूर्वी दिसत होतं. बंदीचा काय संबंध? पावसाळी, उत्तर द्या.

पावसाळी: सॉरी, घाईत लिहिलं. माझा विषय आपला २६ जुलै २००५ आणि चीनच्या हेनान प्रांतातल्या झेंगझोऊ शहराचा २० जुलै २०२१ चा पूर, दोन्हीकडच्या वार्तांकनाची तुलना. तिथे एका तासात २०१.९ मिमी पाऊस पडला, मेट्रो लाइन ५ च्या बोगद्यात माणसं बुडाली. सातव्या दिवशी, म्हणजे तिकडेही नेमकी २६ जुलैच, लोकांनी शाकोउलू स्टेशनबाहेर फुलं ठेवली आणि संध्याकाळी त्या फुलांभोवती बॅरिकेड लावले. लेख त्यावर आहे, वीचॅटवरच्या एका पब्लिक अकाउंटचा (तिथे ब्लॉगसारखे लेख टाकतात). वाचताना मला २६ जुलैला घरी न पोचलेले आमचे शेजारी आठवले, म्हणून तो सोडवत नाहीये.

कोथरूडकर: एवढा आटापिटा कशाला, साउथ चायना मॉर्निंग पोस्ट वाचा, इंग्रजीत आहे.

शब्दवेडी: तो पेपर हाँगकाँगचा, २०१६ पासून अलीबाबाच्या मालकीचा. त्यापेक्षा साइशिन हे चिनी बातम्यांचं माध्यम घ्या, पत्रकार हू शुली यांनी उभं केलेलं. २०१७ पासून पैसे भरून वाचावं लागतं पण वसूल होतात. बाकीच्या साइटना ज्यांच्या बातम्या उचलायची परवानगी असते त्या सरकारी यादीतून २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये साइशिनला वगळलं, यावरून काय ते समजा.

कोथरूडकर: मालक कोण यावरून बातमी खोटी ठरत नाही.

शब्दवेडी: खोटी कोण म्हणतंय? काय छापायचं राहतं ते बघा म्हणतेय.

पावसाळी: अहो मला तोच लेख हवाय, पेपर नको! पानावर चिनीत एक ओळ येते, ट्रान्सलेट केली तर ‘नियमभंगामुळे हा मजकूर पाहता येत नाही’ असं काहीसं.

जुनावाचक: हे आधी सांगायचं ना. लेखकानं स्वतः काढला असता तर ‘प्रकाशकाने काढून टाकला’ अशी ओळ आली असती, हा वीचॅटनं काढलाय. व्हीपीएननं काय होणार, पानच नाहीये. त्या ओळीचा तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या, वार्तांकनाच्या अभ्यासात तोही पुरावाच आहे. मग पूर्ण चिनी शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून शोधा, काढलेले लेख लोक दुसरीकडे चिकटवून ठेवतात. चीनमध्ये काढून टाकलेला मजकूर जपणाऱ्या चायना डिजिटल टाइम्स साइटच्या चिनी विभागात असे पुष्कळ जपलेत, तिथेही बघा.

आनंदयात्री: चिनी शिकायचं असेल तर रोज वीस मिनिटं पुरतात, मी एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी लेव्हल घरी बसून केली.

पावसाळी: चिनी शीर्षक नाहीये माझ्याकडे, मी ट्रान्सलेट करूनच वाचत होते.

जुनावाचक: ब्राउझरची हिस्टरी उघडा. क्रोम साधारण नव्वद दिवसांची ठेवतं.

पावसाळी: आहे!! शीर्षक चिनीतच आहे. शोधते.

पावसाळी: मिळाला. एकानं आपल्या ब्लॉगवर सगळा उतरवून ठेवलाय, फोटोंच्या जागी मात्र नुसत्या राखाडी चौकटी. पण आता वाटतंय ही प्रत गाइड मानतील का? आणि लेखात मेट्रोतले मृत १२ दिलेत, मी १४ लिहिलेत.

जुनावाचक: मूळ लिंक, काढल्याचा स्क्रीनशॉट आणि प्रत, तिन्ही द्या. आधी १२ च जाहीर झाले होते, १४ नंतर. जानेवारी २०२२ चा सरकारी चौकशी अहवालही घ्या, हेनानमध्ये ३९८ मृत आणि बेपत्ता, आणि त्यातले १३९ स्थानिक अधिकाऱ्यांनी दडवले होते हे त्यातच लिहिलंय.

सिंहगडकर: ब्लॉगची लिंक इथे टाका ना, मलाही वाचायचाय.