घरी केलेल्या फरशीला दुसऱ्याच दिवशी तडे जातात, काय चुकतंय?

तुळशीअंगण (जुळे सोलापूर):
तुळशीपासून फाटकापर्यंत वाट करायचीय आणि तिच्यावर आपल्या चादरीवरचाच मोर हवाय. बाबांची सगळी हयात यंत्रमागावर गेली, म्हणून. 12 मिमी प्लायचा फूटभर चौकोनी साचा केला, खोली दोन इंच. चप्पलवाल्याकडून रबर शीट आणून मोर आणि फुलं कापली, तळाला चिकटवली. प्रमाण एक सिमेंट, दीड वाळू, तीन बारीक कच. नक्षी सुरेख उठते. पण पाठीवर केसासारखे तडे येतात, काही आरपार जातात. काढताना कोपरेही तुटतात. 14 पैकी 9 वाया गेल्या. लाल रंगावर पांढरट थर येतोय तो वेगळाच. सिमेंट जुनं असेल का?

गवंडीकाम:
ताई, पाणी किती घालता? नक्षीत माल शिरावा म्हणून पातळ करत असाल. 50 किलोच्या गोणीला 22 लिटर धरा, त्याच हिशेबाने कमी करा. माल थालीपिठाच्या पिठाएवढा सैल पुरे. साचा चारही बाजूंनी लाकडी हातोडीने ठोका, बुडबुडे थांबेपर्यंत. आणि भर उन्हात ओतू नका! वरचं पाणी उडून जातं, तडे त्यानेच पडतात. संध्याकाळी ओता, लगेच प्लॅस्टिक झाका. दुसऱ्या दिवशी सोडवून ओल्या गोणपाटाखाली किमान सात दिवस. पुरी ताकद यायला 28 दिवस लागतात, तोवर गाडी नको.

प्लायवाला:
कोपऱ्यांचं कारण साचा. कडा काटकोनात असतील तर फरशी अडकते. तोंडाकडे दोन-तीन मिमी फाकवा, रबराच्या कडाही तिरक्या कापा. आत गोडेतेलाचा पातळ हात द्या. जळकं इंजिन ऑइल नको, डाग राहतात. पाणी बोअरचं आहे का?

तुळशीअंगण:
हो, बोअरचंच. आणि ओतत होते दुपारी बारा वाजता, मुलं शाळेतून यायच्या आत.

गवंडीकाम:
मग पांढरं त्या क्षारांमुळेही येत असेल. नळाचं पाणी वापरा, वाळू धुऊन घ्या. रंग सिमेंटच्या वजनाच्या पाच टक्के बास. अंगणात काळी माती आहे ना? ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. सहा इंच उकरून मुरूम ठोकल्याशिवाय एकही फरशी मांडू नका.

तुळशीअंगण:
परवा साडेसहाला चार ओतल्या. काल चारही अख्ख्या निघाल्या, तुऱ्यासकट. बाबांनी बोटं फिरवून बघितलं आणि म्हणाले, चादरीवरचा मोर डावीकडे बघतो, हा उजवीकडे. साच्यातून नक्षी उलटी येते, हे ध्यानातच नव्हतं. आज रबर पालथं घालून नवा मोर कापलाय.