लाईट गेली की नेट पण जातंय, राऊटरला बॅकअप कसला लावू?

कळंबेकर
मंडळी मदत पाहिजे. कोल्हापुरात कळंब्यात भाड्यानं राहतोय, काम घरातनं, आणि क्लायंट परदेशातले असल्यामुळं मीटिंगा सगळ्या संध्याकाळी. आता वळीव सुरू झालाय म्हणजे तुम्हाला वेगळं सांगायला नको, चारला ढग भरून येतात, पाचला वारं सुटलं की लाईट गुल, कधी दहा मिनिटं कधी अडीच-तीन तास. लॅपटॉपला बॅटरी आहे त्याचं काय नाही, पण राऊटर बंद म्हणजे सगळंच बंद. आणि खरं डोकं कधी फिरतंय सांगू का, लाईट नुसती मिचकावून परत आली तरी फायबरचा डबा (नेटची काचेची तार ज्यात येते तो) पहिल्यापासनं चालू होतोय आणि नेट यायला तीन-चार मिनिटं जातात, तोवर तिकडं मीटिंगमधनं मी गायब. हॉटस्पॉट करून बघितलं, पण लाईट गेली की अख्खी गल्लीच मोबाईल डेटावर येते, मग ते पण रांगतंय.

घरात इन्व्हर्टर नाही. मालक भिंतीला खिळा मारू देत नाहीत त्यामुळं वायरिंगचा विषयच नाही. फायबरचा डबा वेगळा आणि वायफाय राऊटर वेगळा, दोन्ही १२ व्होल्टचे. ऑनलाईन ते छोटे मिनी यूपीएस दिसतात तसला घेऊ का? मित्र म्हणतोय कॉम्प्युटरचा जुना यूपीएस आण, मेव्हणा म्हणतोय पॉवरबँकवर चालव. तीन तास निघायला पाहिजेत. पैसे घालायला तयार आहे पण वाया जायला नकोत.

ऑप्टिकल_अण्णा
भावा, खिशात हात घालायच्या आधी एक बघून घे. तुझ्या घरातला डबा चालू राहिला म्हणजे नेट चालू राहील असं काही नाही. मी ह्याच लाईनीत आहे म्हणून सांगतोय, लोकं यूपीएस घेतात आणि मग लाईट गेल्यावर वायफाय फुल्ल दाखवतंय पण नेट शून्य म्हणून फोन करतात.

आता तुझ्याकडं फायबर थेट घरात आलंय म्हणतोस, ते बरं आहे. ह्यात ऑपरेटरच्या मशीनपासनं तुझ्या डब्यापर्यंत मध्ये कुठं लाईट लागत नाही. खांबावर जो स्प्लिटर असतो तो नुसता काचेचा खेळ, एका फायबरचा उजेड ३२ नाहीतर ६४ घरांत वाटून देतो, त्याला करंट लागतच नाही. म्हणजे तुमच्या गल्लीतली लाईट गेली तरी जिथं मेन मशीन आहे तिथं बॅटरी नाहीतर जनरेटर असला की विषय संपला. पण काही ठिकाणी अजून गल्लीच्या तोंडापर्यंतच फायबर असतंय, तिथं एखाद्याच्या गच्चीवर स्विचचा डबा, आणि पुढं घरापर्यंत साधी लॅन केबल. त्या गच्चीवरच्या डब्याची लाईट गेली की तू घरात पॉवर प्लांट लावलास तरी उपयोग नाही.

तपासायचं सोपं आहे. पुढच्या वेळी लाईट गेली की शेजारी कुणाचा कॉम्प्युटरचा यूपीएस असला तर पंधरा मिनिटांपुरता माग, दोन्ही डबे त्याच्यावर चालू कर आणि फायबरच्या डब्याकडं बघ. पॉनचा (PON लिहिलेला, ऑपरेटरशी जोडणी दाखवणारा) दिवा स्थिर हिरवा आणि नेट चालू, तर खुशाल बॅकअप घे. एलओएसचा (LOS लिहिलेला) लाल दिवा लागला तर पलीकडनं उजेडच येत नाही, मग आधी ऑपरेटरला धर. आणि हे लाईट जाऊन तास-दीड तास झाल्यावर पण एकदा बघ, कारण काही ऑपरेटरांची बॅटरी पहिल्या अर्ध्या तासातच मान टाकते.

सोल्डरगन
अण्णांनी पहिलं कामाचं सांगितलं. आता हिशोबाचं मी सांगतो, कारण सगळी फसवाफसवी तिथंच आहे.

आधी तुझं सामान खरं किती खातंय ते बघ. अॅडॉप्टरवर १२ व्होल्ट १.५ अँपिअर लिहिलंय म्हणजे १८ वॅट, पण ते जास्तीत जास्त. राऊटर प्रत्यक्षात त्याच्या निम्मं पण खात नाही बऱ्याच वेळा. प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर मिळतंय, कुणाकडनं तरी घेऊन बघ. फायबरचा डबा ५-६ वॅट आणि राऊटर ७-८ वॅट असं काहीतरी निघंल, म्हणजे एकूण १३-१४ धर.

आता एमएएचच्या (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याच्या) आकड्याला भुलू नको. मिनी यूपीएसवर १०००० एमएएच लिहिलेलं असतंय ते आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला असतंय, १२ व्होल्टला नाही. म्हणजे १० × ३.७ = ३७ वॅटअवर, म्हणजे ३७ वॅटचा लोड एक तास चालंल एवढी वीज. त्यातले १५ टक्के तरी व्होल्टेज वाढवण्यात गरम होऊन जाणार, राहिले ३१-३२. तुझा लोड १४ वॅट, म्हणजे सव्वादोन तास, ते पण नवीन असताना. तुला तीन तास पाहिजेत तर ६० वॅटअवरच्या आसपासचं बघ म्हणजे दोन वर्षांनी सेल थकले तरी तीन तास निघतील. बॉक्सवर वॅटअवर लिहिलेलंच नसंल तर दुकानदाराला विचार, आणि त्याला पण सांगता येत नसंल तर ठेव तिथंच.

दुसरं म्हणजे आतले सेल. १८६५० नावाचा जो गोल सेल असतो, त्यात बहुतेक वेळा साधारण ३५०० एमएएचच्या वर जात नाही, आणि बाजारात ९९०० लिहिलेले सेल ढिगानं मिळतात! सरळ थापा. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या पुढं भरतो, हातात घेऊन हलका लागला की समजायचं. बंद डब्यात हे बघता येत नाही मान्य, पण एवढं मोठं पॅकेट आणि वजन पापडाएवढं असलं तर काय ते समजून जा.

पॉवरबँकचं म्हणशील तर ५ व्होल्टचं १२ करणारी केबल मिळते, एकट्या छोट्या राऊटरला चालती. पण १४ वॅट १२ व्होल्टला काढायचे म्हणजे ५ व्होल्टच्या बाजूनं ३ अँपिअरच्या वर ओढणार, साध्या पॉवरबँकचं तोंड २.४ लाच बंद. वरनं बऱ्याच पॉवरबँका चार्जिंग सुरू-बंद होताना आउटपुट क्षणभर तोडतात, म्हणजे तुझं मिचकावण्याचं दुखणं आहे तसंच. मेव्हण्याला नमस्कार सांग.

टाकाळा_ताई
कळंबेकर दादा, तुमच्याकडं इन्व्हर्टर नाही पण ज्यांच्याकडं आहे त्यांच्यासाठी लिहिते. आमच्याकडं घरभर इन्व्हर्टर, १५० एएचची बॅटरी, तरी लाईट गेली की राऊटर बंद होऊन परत चालू व्हायचा. मला वाटलं राऊटरच बिघडला. शेवटी इलेक्ट्रिशियननं मागचं एक बटण फिरवून दिलं तेव्हा कळलं की त्यात दोन मोड असतात, एक साधा आणि एक यूपीएसचा. साध्या मोडमध्ये लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला थोडा जास्त वेळ लागतो, पंख्या-बल्बला कळत पण नाही, राऊटर मात्र तेवढ्यात मान टाकतो. यूपीएस मोडला ते पटकन होतं.

पण त्यात पण एक गंमत आहे. यूपीएस मोडमध्ये साधारण १८० व्होल्टच्या खाली गेलं की इन्व्हर्टर बॅटरीवर येतो, साध्या मोडमध्ये १०० पर्यंत सहन करतो. आमच्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे एसी सुरू झाले की व्होल्टेज पडतं, मग लाईट असून पण इन्व्हर्टर बॅटरी खात बसतो. म्हणून मी आता इन्व्हर्टर परत साध्या मोडवर ठेवलाय आणि राऊटरला सगळ्यात छोटा मिनी यूपीएस लावलाय. त्याला फक्त तेवढा क्षण सांभाळायचा असतो, बाकीचं इन्व्हर्टर बघतो. एकदम मस्त चाललंय.

जुना_वायरमन
पोरांनो कशाला त्या लिथियमच्या नादाला लागताय. १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद बॅटरी घ्या, यूपीएसमध्ये असती तीच, कुठं पण मिळती, दोन किलो वजन, एक चार्जर लावला की झालं. ८४ वॅटअवर. संपली की नवीन आणायची आणि जुनी दुकानदार परत घेतो. मिनी यूपीएस बिघडला की कचरापेटी.

आणि कॉम्प्युटरचा यूपीएस घ्यायचा नाही हे मात्र खरं. बॅटरीचं १२ व्होल्ट, त्याचं २३० करायचं, परत अॅडॉप्टरनं त्याचं १२ करायचं, कोल्हापुरातनं कागलला जायला पन्हाळ्यावरनं वळसा. त्यात त्याची स्वतःची मशिनरीच तुझ्या राऊटरएवढं खाती. तीन तासाची आशा धरू नको, आणि लाईट नसेपर्यंत ते पी पी पी वाजत बसतंय ते वेगळंच.

सोल्डरगन
काका, बॅटरी चांगलीच आहे, मी नाही म्हणत नाही, पण भाड्याच्या खोलीत नवख्या माणसाला उघडी जोडणी करायला सांगायला मला भ्या वाटतंय. करायचंच असलं तर तीन गोष्टी सोडायच्या नाहीत. बॅटरीच्या प्लसला अगदी चिकटून फ्यूज, ३ अँपिअरचा. चार्जर कायम लावून ठेवायचा असला तर १३.५ ते १३.८ व्होल्टवर थांबणारा, नाहीतर बॅटरी आतनं वाळून जाती. आणि राऊटरला थेट जोडायचं नाही, मध्ये व्होल्टेज बांधून १२ देणारं मॉड्यूल पाहिजे, कारण चार्जिंगला १३.८ आणि संपत आल्यावर १०.५, एवढं वरखाली सगळ्याच डब्यांना सोसंल असं नाही.

आणि ८४ वॅटअवर कागदावर. तो आकडा २० तासांत हळूहळू उतरवली तरचा आहे. रोज तळापर्यंत खाली केली तर शिशाची बॅटरी वर्षभरात मरती. निम्मी वापरायची म्हटलं तर ४० वॅटअवर, म्हणजे ह्याच्या लोडला पावणेतीन-तीन तासच. लिथियम फॉस्फेटचा पॅक घेतला तर ही भानगड कमी, पण त्याला त्याचाच चार्जर लागतो, शिशाचा लावायचा नाही.

जुना_वायरमन
फ्यूजचं बरोबर आहे, ते मी लिहायला पाहिजे होतं असं म्हण. पण महापुरात मला बॅटरीच उपयोगी पडली बघ. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी वाढल्यावर नदीकाठच्या भागात लाईट मुद्दाम बंद ठेवायला लागली, ती काही तासांत येणारी नव्हती. तेव्हापासनं पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, म्हणजे इशारा पातळी आली की घरातलं जे काय चार्ज होतंय ते सगळं भरून ठेवायचं, ४३ ची, म्हणजे धोका पातळीची वाट बघायची नाही. राऊटर रात्रभर चालू ठेवायचा नाही, सकाळ-संध्याकाळ अर्धा तास लावायचा, निरोप बघायचे आणि बंद. तीन तासाचा बॅकअप तसा वापरला तर तीन दिवस जातो.

कळंबेकर
लई भारी माहिती दिलीत सगळ्यांनी. परवा वळवात लाईट गेली तेव्हा शेजारच्यांचा यूपीएस आणून बघितला, पॉन हिरवाच, दीड तासानं पण नेट चालू होतं. म्हणजे पलीकडचं ठीक आहे. वॅटमीटर मिळालं नाही, पण पाट्या बघितल्या, फायबरचा डबा १२ व्होल्ट १ अँपिअर आणि राऊटर १२ व्होल्ट १.५. मालकांच्या भीतीनं मिनी यूपीएसच घेतो. दोन प्रश्न राहिले. एकाच यूपीएसवर दोन्ही चालवायला दोन तोंडाची वायर लावली तर चालंल का? आणि गेटवर कॅमेरे आहेत, त्यांचा रेकॉर्डर पण त्याच्यावर घेऊ का, मालक खूश होतील.

सोल्डरगन
दोन तोंडाची वायर चालती, पण यूपीएसचं आउटपुट किती अँपिअरचं आहे ते बघ. पाटीवरचं १ आणि १.५ मिळून २.५ झालं. चालताना एवढं ओढणार नाहीत, पण दोन्ही एकदम चालू होताना झटका असतो, त्यामुळं २ अँपिअरवाला घेऊ नको, ३ चा घे. आणि आउटपुट पक्कं १२ राहतंय का ते विचार. काही स्वस्तातल्यांत तीन सेल सरळ जोडून सोडलेले असतात, भरल्यावर १२.६ आणि संपताना ९ च्या आसपास, मग शेवटच्या अर्ध्या तासात राऊटर आपोआप चालू-बंद होत बसतो आणि माणूस राऊटरला शिव्या देतो.

रेकॉर्डर नको. त्यात हार्डडिस्क असती, फिरायला सुरू होताना करंट एकदम ओढती, वर कॅमेरे वेगळे. मालकांना खूश करायचंच असंल तर त्यांना त्यांचा वेगळा बॅकअप घ्यायला सांग, त्यांच्या पैशानं.

यूपीएस राऊटरच्या डोक्यावर ठेवू नको, दोघं गरम होतात आणि लिथियमला ऊब सोसत नाही. आणल्यावर सुट्टीच्या दिवशी मेनचा प्लग काढून पूर्ण संपेपर्यंत चालवून बघ, किती तास निघाले ते लिहून ठेव, परत करायची मुदत असेपर्यंतच.

ऑप्टिकल_अण्णा
आणि वळवाचंच म्हणतोस तर, विजा कडाडायला लागल्यावर गच्चीवरनं किंवा बाहेरनं आलेली तांब्याची लॅन केबल राऊटरला असंल तर ती आधी काढून ठेव. काचेच्या फायबरमधनं करंट येत नाही, पण कॅमेऱ्याच्या त्या केबलीतनं आलेल्या झटक्यानं राऊटर गेलेले मी बघितलेत, यूपीएस असून पण.

टाकाळा_ताई
दादा, शाहूपुरीत घ्यायला जाणार असाल तर दोन्ही अॅडॉप्टर पिशवीत घालून न्या. पिन बाहेरनं सारखीच दिसते पण आतलं भोक २.१ आणि २.५ मिलिमीटर असं दोन मापांत येतं, आणि माप चुकलं की ढिली बसते, नुसता धक्का लागला तरी बंद. अॅडॉप्टरवर मध्ये प्लस असल्याची खूण असते ती पण यूपीएसच्या वायरीशी जुळवून घ्या. दुकानातच लावून बघायचं, घरी आल्यावर नाही.