मदत हवी आहे: अल्जेरियातील तिमगाड पाहण्यासाठी

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन अल्जेरियाला जायचा विचार आहे, तो मुख्यतः तिमगाडसाठी. सम्राट ट्राजनने इ.स. 100 च्या सुमारास निवृत्त रोमन सैनिकांसाठी हे शहर वसवलं. एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते आजही वरून स्पष्ट दिसतात. कमानीजवळच्या फरसबंदीवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या मला स्वतः हात लावून बघायच्या आहेत!

सगळ्यात जास्त ओढ आहे ती तिथल्या ग्रंथालयाची. रोगातियानुस नावाच्या नागरिकाने त्यासाठी 4 लाख सेस्टर्स (रोमन नाणी) दिले, असा शिलालेख सापडलाय. अर्धवर्तुळाकार दालन, भिंतीत ग्रंथांच्या गुंडाळ्या ठेवायचे कोनाडे. सरहद्दीवरच्या लष्करी वसाहतीत कुणाला तरी ग्रंथालय बांधावंसं वाटलं, हे मला फार मोठं वाटतं. पुढे शहर ओस पडलं, वाळूमातीखाली गेलं, म्हणूनच इतकं टिकलं. 1982 पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे.

कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सांगा:
मुक्काम बातनाला करावा की कॉन्स्टंटाइनला? बातनाहून अंतर साधारण 35 किमी आहे, पण टॅक्सी परतीपर्यंत थांबते का? बाबांचे गुडघे दुखतात, तर नाट्यगृह आणि ग्रंथालयापर्यंत त्यांना सावकाश चालत जाता येईल ना? प्रवेशद्वाराजवळच्या संग्रहालयातले मोझेइक बघायला मिळतात का? इंग्रजी बोलणारा वाटाड्या आधीच ठरवावा लागतो का? शिलालेख वाचून दाखवणारा कुणी असेल तर फारच उत्तम.

व्हिसाचा ताजा अनुभवही जरूर लिहा.