गेटवरच्या गुणवंतांच्या फ्लेक्सला छेद का नसतो?

ओळीतला_शेवटचा (धागाकर्ता)

दहावीचा निकाल लागला की आठवड्याच्या आत विनाअनुदानित शाळेच्या गेटवर दहा बाय सहाचा फ्लेक्स चढतो. वर संस्थाध्यक्ष हात जोडून, खाली बारा-पंधरा चेहरे, प्रत्येकाखाली टक्के आणि कोपऱ्यात तांबड्या चांदणीत ‘१००% निकाल’. कौतुकाला माझा विरोध नाही. माझा आक्षेप गणिताचा आहे. या फ्लेक्सवर अंश असतो, छेद नसतो.

शंभर टक्के कोणाचे? जे बसले त्यांचे. बसू किती दिले? आरटीईचं (शिक्षण हक्क कायद्याचं) कवच आठवीपर्यंतच असतं. नववीत घसरलेल्या मुलाच्या पालकांना केबिनमध्ये बोलावून गोड शब्दांत सांगतात, ‘दाखला काढा, बाहेरून १७ नंबरचा (खासगी विद्यार्थ्याचा) फॉर्म भरा, वर्ष वाचेल.’ मूल बाहेर गेलं, निकाल शंभर टक्के राहिला. समजा आठवीच्या पटावर ८२ होते आणि दहावीला ६९ बसले. बदली, गाव बदलणं यात चार-पाच जातील, तेरा कसे गेले हे कोणी विचारत नाही.

शिष्यवृत्तीचीही तीच गंमत. पाचवी-आठवीच्या परीक्षेत (२०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय झाला आहे) १५० गुणांचे दोन पेपर असतात. प्रत्येकात ४० टक्के, म्हणजे ६० गुण पडले की मूल ‘पात्र’. ‘शिष्यवृत्तीधारक’ ठरतं ते जिल्ह्याच्या गुणवत्ता यादीत आलं तरच. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर. फ्लेक्सवर मात्र ‘शिष्यवृत्ती परीक्षेत आमचे ३१ विद्यार्थी चमकले’. चमकले म्हणजे नक्की काय झाले?

माझी सूचना: शाळेनं केलेल्या प्रत्येक दाव्याखाली पट किती, बसले किती, मिळालं किती हे तीन आकडे छापावेत.

खडू_डस्टर

असहमत, आणि जरा सविस्तर असहमत.

विनाअनुदानित शाळेला सरकार पगार देत नाही. फी आली तर पगार. नर्सरीचे प्रवेश डिसेंबर ते फेब्रुवारीत होतात, आणि त्या वेळी पालक गेटवर काय पाहतात? तुमचे तीन आकडे वाचायला कोणी स्कूटर थांबवणार नाही. दुसरं, शाळेनं फ्लेक्स लावला नाही तर त्या मुलाचा फोटो मोकळा राहतो असं वाटतं का? एकच मुलगी तीन क्लासच्या जाहिरातींत दिसते, तिघंही म्हणतात ‘आमची विद्यार्थिनी’. दहा वर्षं जिथं ती शिकली त्या शाळेनंच मागं राहायचं?

आणि १७ नंबरचं म्हणाल, तर होतं, नाकारत नाही. पण ८२चे ६९ होण्यात बोर्ड बदलणारे असतात, ‘आठवीपासूनच फाउंडेशन’ (जेईई-नीटची पूर्वतयारी) म्हणून दुसरीकडे गेलेले असतात, फी थकल्यानं पालकांनीच काढलेले असतात. सगळ्या तेरांचं पाप मुख्याध्यापकांच्या माथी मारू नका.

हिशेबनीस

खडू सर, क्लासवाल्यांचा मुद्दा मान्य. पण ते टक्केही सोलून बघा की.

राज्य मंडळात सहा विषय आणि ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’, म्हणजे ५०० पैकी. त्यात कला आणि क्रीडा यांचे वाढीव गुण मिळतात. इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेत ए श्रेणी असेल तर ७, बी ५, सी ३. म्हणजे मूळ ४९३ आणि चित्रकलेचे ७ झाले की ५००. २०२५ च्या दहावीत २११ मुलांना १०० टक्के पडले, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले. हे गुण फुकटचे नाहीत, मूल वर्षानुवर्षं घासतं तेव्हा मिळतात. पण मग त्याच्या चित्राचं नाव घ्या ना! फ्लेक्सवर ‘१००%’ लिहून चित्र गिळून टाकायचं, हे मला खटकतं. ‘४९३ + ७ (चित्रकला)’ असं छापलं तर चित्रकलेच्या शिक्षिकेलाही बरं वाटेल. एरवी त्या बाईंचा तास गणिताला द्यायला सगळे टपलेले असतातच.

याची दुसरी बाजू शाळेच्या ऑफिसात असते. क्रीडागुणांचा प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत मंडळाकडे जातो, कलेचा शाळेकडून. प्रमाणपत्रावरचं नाव आणि जनरल रजिस्टरमधलं (शाळेच्या प्रवेश नोंदवहीतलं) नाव जुळलं नाही (वडिलांचं नाव मधे नाही, आडनावाचं स्पेलिंग वेगळं), की प्रस्ताव परत. मुदत निकालाआधीच संपलेली असते. गुण गेले ते गेले. शाळेनं नववीच्या जूनमध्येच सगळ्यांची प्रमाणपत्रं मागवून नावं ताडली तर हे टळतं. मुलांचं यश जपणं म्हणतात ते हे. फ्लेक्स त्यानंतर.

जाता जाता: खासगी ‘ऑलिंपियाड’ची सुवर्णपदकं. यातल्या काही परीक्षांत त्या शाळेच्या त्या इयत्तेत पहिल्या आलेल्याला सुवर्ण मिळतं. म्हणजे आपल्याच वर्गात पहिला. गणिताची खरी ऑलिंपियाड आयओक्यूएम या पात्रता परीक्षेपासून सुरू होते: तीन तास, ३० प्रश्न, १०० गुण, पर्याय नाहीत. तिथून आरएमओ (प्रादेशिक), मग आयएनएमओ (राष्ट्रीय). दोन्हीकडे ‘ऑलिंपियाड’ हाच शब्द, हा फ्लेक्सचा चमत्कार.

तिसरी_ब_पालक

छेद छापण्यात एक मेख आहे, ती कोणी बोलत नाही. ‘४८ बसले, ४ शिष्यवृत्तीधारक’ हे वाईट दिसतं. मग पुढच्या वर्षी शाळा काय करेल? चाचणी घेऊन निवडक दहाच मुलांचे फॉर्म भरेल. ‘१० पैकी ४’. आकडा सुधारला आणि ३८ मुलांचा सराव, मार्गदर्शनाचे जादा तास सगळं गेलं. आत्ताची ढोबळ बढाई निदान सगळ्यांना परीक्षेला बसू देते.

ओळीतला_शेवटचा

म्हणून तर ‘पट’ पहिला मागितला, ताई. छेद बसलेल्यांचा धरला तर शाळा तो छाटणार, हे उघड आहे. पटाचा धरला तर छाटता येत नाही, कारण पट सरल आणि यू-डायस या सरकारी ऑनलाइन नोंदींत असतो. पाचवीचा पट ९०, बसले ४८, पात्र ३१, शिष्यवृत्तीधारक ४. दहाच बसवले तर ‘९० पैकी १०’ हेच डोळ्यांत येईल.

खडू सर, त्या तेरांचंही तसंच. कारणं वेगवेगळी असतील तर लिहा: बोर्ड बदल ४, स्थलांतर ५, १७ नंबर ४. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहावंच लागतं. ते खरं लिहिलं तर बेरीज आपोआप निघते.

खडू_डस्टर

दाखल्यावर बहुतेक वेळा ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढंच लिहितात, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

विंगेतला

फ्लेक्सवरून एवढं रान पेटलंय, पण ज्या शाळेत ६०० मुलं आहेत तिथं बक्षिसं पन्नासेकांना. उरलेल्यांसाठी वर्षातून एकदाच शाळा ‘आपली’ होते, स्नेहसंमेलनात. तिथंही तेच पन्नास चेहरे पहिल्या ओळीत! तेव्हा छेद तिथंही लावा: पट किती, रंगमंचावर किती?

‘सगळ्यांना घेणं शक्य नाही’ हे ठरलेलं उत्तर. घेता येतं. ६०० मुलं, ३०चा गट, २० नाच. चार मिनिटांचा नाच आणि दोन मिनिटं चढ-उतार, झाले दोन तास. वेळ खातं ते बक्षीस वितरण. ९० बक्षिसं, प्रत्येकी फोटोसकट ४० सेकंद म्हणजे एक तास. त्यावर पाहुण्यांचं भाषण. बक्षिसं सकाळी परिपाठानंतर, वेगळ्या दिवशी उरका, संध्याकाळ मोकळी होते. दहाला ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो, त्यामुळे भाषण लांबलं की कात्री शेवटच्या नाचांना लागते.

३० बाय २० फुटांच्या मंचावर तीस मुलं मावतात, पण दहा-दहाच्या तीन ओळींत नाही. हात पसरले की शेजाऱ्याच्या नाकाला लागतात. ८-७-८-७ अशा चार ओळी, विटांच्या जोडणीसारख्या, म्हणजे मागचं मूल पुढच्या दोघांच्या फटीतून दिसतं. आणि अर्ध्यावर पुढची ओळ मागे, मागची पुढे. हे बसवायला दोनच तालमी जास्त लागतात.

गोची होते ती विंगेत. पहिली-दुसरीची मुलं दुपारी तीनपासून ड्रेपरीवाल्याच्या (भाड्यानं पोशाख देणाऱ्याच्या) धोतरात बसवून ठेवतात आणि नाच सातला. धोतराला सहा सेफ्टी पिना. एकाला लघवीला जायचं असतं, पिना सोडायला बाई एकच. उपाय साधा: लहानांचे नाच पहिल्या तासात, कपडे फक्त अर्धा तास आधी, आणि नाच संपला की वहीत सही घेऊन मूल पालकांच्या ताब्यात. गाणी पेन ड्राइव्हवर ०१, ०२ असे क्रमांक देऊन ठेवा, ब्लूटूथवर नको. फोन वाजला की बारा मुलं पाय उचललेल्या अवस्थेत थिजतात.

खडू_डस्टर

विंगेतला, बेरीज कागदावर सुंदर आहे. वीस नाच बसवायला वीस शिक्षक आणि नोव्हेंबर-डिसेंबरचे पंधरा-वीस दिवस रोज दोन तास लागतात. दहावीची पूर्वपरीक्षा तोंडावर असते. आणि प्रेक्षक? स्वतःच्या मुलाचा नाच झाला की पालक खुर्ची सोडतात. शेवटच्या पाच नाचांना रिकाम्या खुर्च्या. त्या मुलांना सामावून घेतलं म्हणायचं की काय? निवडक दहा कार्यक्रम, पण नेटके, हे मला जास्त प्रामाणिक वाटतं. ज्यांना नाचायचं नाही अशीही मुलं असतात. त्यांना ओढून मागच्या ओळीत उभं करणं हा त्यांचा सन्मान नव्हे.

हिशेबनीस

खडू सरांचं शेवटचं वाक्य पटलं, आधीची नाहीत.

मंचच कशाला हवा? सातवी-आठवीची ८० मुलं मैदानावर लेझीमला उतरवा. पीटीचा गणवेश आहेच, लेझीम शाळेच्या क्रीडासाहित्यात असतात, हलगीवाला एक. ‘चार आवाज’ आणि ‘पवित्रा’ एवढं पक्कं झालं तरी दहा मिनिटं बघत राहावं असं दिसतं. तासिका पीटीच्याच वापरायच्या, शिकवणीचं नुकसान नाही. हाताला हात न लागता फिरायला दोघांत पाचेक फूट ठेवा, नाहीतर लोखंडी साखळी शेजाऱ्याच्या बोटांवर.

खर्चाचं बोलतो, कारण ‘शाळा एक कुटुंब’ म्हणणारे तिथंच मागे सरकतात. आरटीईच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून आलेल्या मुलाला भाड्याचा ड्रेस, दागिने, मेकअप, व्हिडिओची प्रत असे पैसे मागितले की ते मूल ‘मला नाचायला आवडत नाही’ म्हणतं. सर, न नाचणाऱ्या मुलांत अशी किती, तेही मोजा. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती सोडत काढून निवडायची असते, तीन महिन्यांतून एकदा तरी तिची बैठक हवी. संमेलनाचा खर्च सप्टेंबरच्या बैठकीत मांडा. शाळेचा पांढरा शर्ट आणि दोन मीटर रंगीत कापडाचा शेला यात निम्मे नाच होतात.

तिसरी_ब_पालक

सोडत कागदावर. प्रत्यक्षात वर्गशिक्षिका ‘तुम्ही येता का?’ म्हणून ओळखीतल्या पालकांना विचारतात, आणि येणारेही हो म्हणतात. दोष दोन्हीकडे. शेल्याला मात्र +१.

सांगलीकर

फोटोंचं कोणीच बोललं नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे ‘मूल’ आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. जूनच्या प्रवेश अर्जात एकच ‘आमची हरकत नाही’ पुरत नाही. वेगळ्या चौकटी ठेवा: शाळेच्या आतला फलक, छापील स्मरणिका, फेसबुक-इन्स्टाग्राम. पुष्कळ पालक पहिल्या दोन्हींना हो आणि तिसऱ्याला नाही म्हणतील.

खडू_डस्टर

ही चौकटींची सूचना उचलतो. तीन आकड्यांचं अजूनही पटलेलं नाही. गेटवर फोटोच राहतील, त्याला पर्याय नाही. फार तर आतल्या काचफलकावर, स्टाफरूमशेजारी, पट-बसले-मिळालं लावू. ज्याला बघायचं तो आत येईल.

ओळीतला_शेवटचा

काचफलकाची चावी कोणाकडे असते, सर? शिपायाकडे असेल तर जूनमध्ये लावलेला कागद मार्चपर्यंत तसाच राहतो. संघाच्या सहसचिवांकडे, म्हणजे पालकाकडे, दुसरी चावी द्या. आणि निदान आठवीचा पट गेटवर येऊ द्या. ‘२०२३ आठवी: ८२. २०२५ दहावी: ६९.’ फोटोंच्या खाली एक ओळ. दहा बाय सहात मावते, अध्यक्षांचा फोटो चार बोटं लहान केला की झालं.

विंगेतला

अध्यक्षांचा फोटो लहान! या धाग्यातली सगळ्यात अशक्य सूचना हीच.