क्रॉस-कंट्री स्कीइंग: 300 गुणांची अट लहान देशांवर अन्याय करते का?

दापोलीचे_क्रीडाशिक्षक

नमस्कार. दापोली तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी खेळ शिकवतो, मुख्यतः लांब पल्ल्याचं धावणं. माझा एक जुना विद्यार्थी सैन्यात भरती झाला, गुलमर्गला स्की शिकला आणि आता क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे बर्फावर चढ-उतार पार करत लांब अंतर कापायच्या, शर्यतींत उतरतो. गणपतीत घरी आला होता तेव्हा आमच्या पडवीत बसून त्याने मला जागतिक स्की महासंघाची, म्हणजे फिसची, गुणपद्धत समजावली. तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते इथे मांडतो.

यात गुण जितके कमी तितका खेळाडू चांगला. 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकला क्रॉस-कंट्रीच्या एकूण 296 जागा होत्या, 148 पुरुष आणि 148 महिला. एका देशाला जास्तीत जास्त आठ पुरुष, आठ महिला, आणि एका शर्यतीत चारच. ज्या देशाकडे याहून कडक अशा वरच्या निकषात बसणारं कुणी नाही, त्यालाही एक पुरुष आणि एक महिला पाठवता येत होती, पण लांब पल्ल्याच्या शर्यतींतले त्यांचे गुण 300 च्या आत हवेत. पाच उत्तम निकालांची सरासरी धरतात. आमचा मुलगा सध्या 300 च्या बाहेर आहे.

नॉर्वेतलं पोर चालायला लागलं की स्कीवर उभं राहतं. आमचा मुलगा विशीत पहिल्यांदा बर्फावर गेला आणि वर्षातला बराच काळ डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्कीवर सराव करतो. दोघांना मोजपट्टी एकच. शालेय स्पर्धांत आमची रत्नागिरीची मुलं विभागाला कोल्हापूर, सांगली, साताऱ्यासमोर उभी राहतात. तिथे बहुतेकदा मागे पडतात हे मला ठाऊक आहे. पण जिल्ह्यात पहिला आलेल्याला विभागाला उभं राहता येतं, तुझी वेळ किती असं विचारून कुणी दारातून परत पाठवत नाही. मग ऑलिंपिकला प्रत्येक देशाची एक जागा बिनशर्त का नसावी?

दुसरी गोष्ट वरच्या टोकाची. 2018 ला प्योंगचांगमध्ये पुरुषांच्या स्कीअॅथलॉनची (एकाच शर्यतीत स्की चालवायच्या दोन पद्धती) तिन्ही पदकं नॉर्वेने नेली. 2025 ला ट्रॉन्डहाइमच्या जागतिक स्पर्धेत नॉर्वेच्याच क्लेबोने सहापैकी सहा सुवर्णपदकं जिंकली. पंचावन्न लाखांच्या आसपास वस्तीचा देश! चुरस राहायला हवी तर शर्यतीतल्या चार जागांच्या दोन का करू नयेत? स्कीवर प्रत्यक्ष उभं राहिलेल्यांनी सांगावं.

माजी_सुभेदार_खेड

सर, रामराम. नोकरीत असताना गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये मी स्की शिकलो, पुढे शिकवलीही. म्हणून पहिल्या प्रश्नावर बोलतो.

आधी 300 म्हणजे नेमकं किती ते बघू. ज्या शर्यतीत एकेकाला ठरावीक अंतराने सोडतात, तिथे तुमच्या वेळेला विजेत्याच्या वेळेने भागायचं, त्यातून एक वजा करायचा आणि उरलेल्याला 800 ने गुणायचं. विजेत्याला 30 मिनिटं लागली आणि तुम्हाला 36, तर 160 गुण झाले. त्यावर त्या शर्यतीची पेनल्टी, म्हणजे स्पर्धक किती कमकुवत होते त्यावरून वाढणारे गुण, चढते. पेनल्टी शून्य धरली तर 300 गुण म्हणजे विजेत्याच्या 30 मिनिटांना तुमची 41 मिनिटं 15 सेकंद. चिवट धावपटूने तीन-चार हिवाळे बर्फावर नीट काढले तर हे होण्यातलं आहे असं माझं मत. अट डोंगराएवढी नाही.

पण तिने काय गमावलं जातं तेही बघा. 1998 ला नागानोत केनियाचा फिलिप बोइट 10 किलोमीटरला शेवटचा आला, 47 मिनिटं 25.5 सेकंद. विजेता ब्योर्न डेली 27 मिनिटं 24.5 सेकंदांत आला होता. तो अंतिम रेषेपाशी थांबून राहिला आणि बोइट पोचल्यावर त्याला मिठी मारली. वरचं सूत्र लावलं तर बोइटचे त्या दिवसाचे गुण सुमारे 584 भरतात. आज त्याला दारातच थांबवलं असतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तरीही अट राहावी या मताचा मी आहे. 2017 ला लाहतीच्या जागतिक स्पर्धेत व्हेनेझुएलाचा आद्रियान सोलानो उतरला. बर्फाची सवयच नव्हती. पडत, उठत गेला, पात्रता शर्यत पूर्ण करता आली नाही, आणि जगभर लोक त्याची चित्रफीत बघून हसले. मला त्या मुलाचा राग आला नाही, तयारी नसताना त्याला तिथे उभं राहू देणाऱ्या व्यवस्थेचा आला. क्रॉस-कंट्रीची स्की अरुंद असते, कडेला पोलादी धार नसते, टाच मोकळी असते. चढावर माणूस दमतो, पण उतारावर हाडं मोडतात. माझ्या हाताखालच्या जवानांत चढ सगळ्यांनी लवकर उचलला, उतारावरचं वळण घेताना मात्र भले भले बसले. तुमच्या विभागीय स्पर्धेत मुलगा 1500 मीटरला शेवटचा आला तर त्याला इजा होत नाही. इथे होते, आणि मागून वेगाने येणाऱ्यालाही होते.

आणि अट असूनही मागच्यांचा मान गेलेला नाही. बीजिंगला 15 किलोमीटर जिंकलेला फिनलंडचा ईवो निस्कानेन शेवटी येणाऱ्या कोलंबियाच्या कार्लोस किंतानासाठी थंडीत थांबून राहिला होता.

मालवण_किनारो

सर, माका दुसऱ्या प्रश्नार बोलाचा हा. नॉर्वेचो पाचवो गडी आत्ताच घराक बसता, आणि तो कितक्यातरी देशांच्या पयल्या गड्यापेक्षा बरो असता. तिसऱ्या-चवथ्याकय घराक बसवलास म्हणून आमचो पोरगो एका सेकंदान तरी फुडे जातलो काय? पदकां फक्त स्वीडन, फिनलंड, इटलीकडे सरकतली. फरक पडता तो स्कीच्या तळाक आणि वॅक्साक, म्हणजे तळाक लावतत त्या मेणाक. मोठ्या देशांचे वॅक्साचे ट्रक असतत, बर्फ बदललो की स्की बदलतत. 2023-24 च्या हंगामापासून फिसान फ्लोरिनचा, स्की जास्त घसरवणारा वॅक्स बंद केल्यान, ता माका बरा वाटला. जागा कापण्यापेक्षा असली कामा करा.

चिपळूणची_लेखापाल

सर, गुणांचा भाग मी थोडा पुढे नेते, कारण मुलाचं गाडं बहुधा 300 वर अडलेलं नसून पेनल्टीवर अडलेलं आहे. पेनल्टी ठरते त्या शर्यतीत कोण उतरलं यावर. पहिल्या पाचात आलेल्यांपैकी ज्या तिघांचे गुण उत्तम असतात, त्यांच्यावरून ती काढतात. म्हणजे कमकुवत शर्यतीत तुम्ही पहिले आलात तरी तुमच्या नावावर गुणांचा बोजा चढतोच. आपापसांत कितीही शर्यती लावल्या तरी आकडा खाली येत नाही. तगडे स्पर्धक जिथे येतात तिथे जावं लागतं, आणि त्याला विमानाचं तिकीट, राहणं, व्हिसा हे सगळं आलं. मोजपट्टी एकच असली तरी तिच्यापर्यंत पोचायचं भाडं सगळ्यांना सारखं नाही. तुमचा अन्यायाचा मुद्दा मला इथे खरा वाटतो.

दुसरं, शर्यतीचा प्रकार बघा. सामूहिक सुरुवातीच्या, म्हणजे सगळे एकदम सुटतात त्या, शर्यतीला 800 ऐवजी 1400 ने गुणतात, कारण घोळक्यात पुढची माणसं जवळजवळच येतात. पण मागे पडलेल्याला तो गुणक फार महागात जातो. सुभेदारसाहेबांचंच उदाहरण घ्या, 30 ला 36 मिनिटं. एकेकट्या सुरुवातीत 160, सामूहिकमध्ये 280. वर पेनल्टी आहेच. शिवाय पाचपेक्षा कमी निकाल असतील तर सरासरीवर टक्के वाढवून लावतात, त्यामुळे पाच शर्यती भरणं आधी महत्त्वाचं.

टोंगाच्या पिता ताउफातोफुआने 2018 साठी चाकांच्या स्कीच्या शर्यतींतून गुण गोळा केले आणि शेवटी आइसलंडमधल्या इसाफ्योर्दुरला बर्फावर अट पुरी केली. प्योंगचांगला 15 किलोमीटरमध्ये तो 114 वा आला, मेक्सिकोचा हेर्मान मद्रासो 116 वा. मात्र चाकांच्या शर्यती कितपत धरायच्या हे प्रत्येक ऑलिंपिकच्या नियमावलीत नव्याने वाचूनच ठरवा.

दापोलीचे_क्रीडाशिक्षक

सगळ्यांचे आभार. सुभेदारसाहेब, उताराचा मुद्दा पटला, बिनशर्त जागेची मागणी मी सोडतो. ताई, तुमच्यामुळे माझी मागणी आता नीट आखली गेली: अट 300 चीच ठेवा, पण ज्या देशाला एकच जागा मिळू शकते त्याच्या एका मुलाचा आणि एका मुलीचा चांगल्या पाच शर्यतींना जाण्याचा खर्च महासंघाने उचलावा. नॉर्वेच्या चार जागांबद्दल मात्र मी अजून अडून आहे. तिन्ही पदकं एका देशाला गेलेली शर्यत मी माझ्या मुलांना दाखवतो तेव्हा दुसऱ्या देशाचं नाव घेऊन ओरडायला त्यांना कुणी उरत नाही.

मुलाची रजा संपत आली. त्याने आधी काय धरावं?

माजी_सुभेदार_खेड

आधी उतार. रस्त्यावर चाकांच्या स्कीने दम वाढेल, वळण येणार नाही, ते बर्फावरच शिकावं लागतं. गुलमर्ग 2,600 मीटरच्या वर आहे, पहिले काही दिवस धाप लागेल. त्या दिवसांत वेळ लावायचीच नाही, फक्त उतार आणि वळणं करायची. मग एकेकट्या सुरुवातीच्या शर्यती निवडायच्या, ताईंनी सांगितल्याप्रमाणे. त्याच्या आतापर्यंतच्या शर्यतींचे निकाल इथे टाका, सर. ताई पेनल्टी वेगळी काढून देतील, म्हणजे तो स्वतः किती मागे आहे आणि शर्यतीमुळे किती चढलं ते कळेल.